पावसच्या रस्त्यावरचं आंब्याचं दुकान: माल खात्रीचा, प्रश्न माझे

आधी कामाचं सांगते. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालात की गोळप मागे पडल्यावर एका वळणावर पत्र्याची शेड दिसते. पाटी लहान, फणसाच्या फांदीआड अर्धी लपलेली. गाडी लावायला जागा दोन गाड्यांची, त्यातली एक त्यांच्याच टेम्पोने अडवलेली. सकाळी आठ ते एक आणि चार ते दिवेलागणी ही वेळ. दुपारी हाका मारू नका, कुणी उठत नाही. दुकानाचं नाव लिहिणार होते, पण मालकीण काकींना विचारलं तर म्हणाल्या, "नको गो बाय, आहेत ती गिऱ्हाइकं सांभाळतानाच माझी कंबर मोडते." तेव्हा नाव नाही.

एप्रिलच्या मध्यावर मी गेले तेव्हा मधलं फळ डझनाला ८०० रुपये होतं आणि मोठं १,०००. रस्त्यावरच्या इतर टपऱ्यांपेक्षा शंभर-दीडशे जास्तच. घासाघीस करून पाहिली. काकी हसतात आणि आंबा पुसत राहतात, भाव हलत नाही.

शेडमध्ये दोन रंगांचे क्रेट आहेत. हिरव्या क्रेटमध्ये त्यांच्या स्वतःच्या कलमांचा आणि शेजारच्या बागेतला हापूस. लाल क्रेटवर खडूने 'कर्नाटक' असं लिहिलेलं, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. त्याचा भाव निम्म्याहून कमी. ऐन हंगामात, पावसच्या रस्त्यावर, आंबेवाल्याने आपल्या हाताने 'कर्नाटक' लिहून ठेवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. माझ्यासमोर पुण्याची एक गाडी थांबली, एक गृहस्थ उतरले, क्रेट वाचला आणि मागे वळून बायकोला म्हणाले, "चल, इथे मिक्सिंग करतात." गेले. पुढच्या टपरीवर थांबले असणार. तिथल्या पाटीवर 'अस्सल देवगड रत्नागिरी हापूस' असं आहे, दोन्ही गावं एकाच फळात.

आता मी हे दुकान एवढं निरखून का पाहत होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच चौकशी वाटेल.

माझी बीएमएसची, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीची, शेवटची परीक्षा नुकतीच झाली आणि माझ्यापुढे दोन कामं आहेत. एक माझ्या मामाकडे. मामा आंब्याचा व्यापारी आहे. त्याला ऑनलाइन ऑर्डरी बघायला घरचं माणूस हवंय. पगार चांगला, घरापासून जवळ, वर 'पुढे सगळं तुलाच बघायचंय' हे आहेच. फेब्रुवारीत मी त्याच्या गोडाऊनला गेले होते. कर्नाटकातून आलेले क्रेट उतरत होते आणि चार बायका फळं काढून पेट्यांत भरत होत्या. फळांच्या मधे खुपसलेले कागदाचे बोळे कानडी वर्तमानपत्रांचे. ते सगळे एका पोत्यात जात होते आणि पेटीत नवे बोळे लागत होते, आपल्या मराठी पेपरांचे. पेटीवर छापलेलं 'कोकणचा राजा'. त्यातल्या एका बाईच्या हातून एक कानडी कागद पेटीत राहिला तेव्हा मामा तिच्यावर जो ओरडला, तसा तो सडका आंबा गेला तरी ओरडत नाही.

मामा वाईट माणूस नाही. हे मी भाची म्हणून म्हणत नाही. तो कार्बाइडला हात लावत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, तरी ती पुडी कुठे मिळते हे बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. मामाने कर्ज काढून रायपनिंग चेंबर बांधला, तिथे इथिलीन वायू वापरतो, आणि तो १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) चालतो हा नियम त्याने चेंबरच्या दारावर चिकटवलाय. मजुरांचे पैसे शनिवारी न चुकता. खोटं आहे ते फक्त पेटीवरचं छापील नाव. त्याचं म्हणणं असं, की फेब्रुवारीत गिऱ्हाइकाला कोकणातला हापूस हवा असतो, कोकणात तेव्हा झाडावर बोराएवढी कैरी असते, मग मी काय करू? "लोक चव घेत नाहीत गं, नाव घेतात. मी नाव देतो." यावर बीएमएसच्या व्यवसाय नीतिशास्त्राच्या पेपरात मला भरपूर लिहिता आलं असतं. त्या विषयात मला मार्कही चांगले आहेत. गोडाऊनमध्ये उभं राहून काही सुचलं नाही, कारण कॉलेजची तिन्ही वर्षांची फी मामाने भरली होती, आणि ती ह्याच पेट्यांतून आली होती.

दुसरं काम एका कर्ज देणाऱ्या कंपनीत, कुडाळच्या शाखेत. बायकांच्या गटांना छोटी कर्जं द्यायची आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "हप्ता थकवलेल्या बाईच्या दारात रात्री साडेसातला जाऊन उभी राहशील का?" मी घरी येऊन रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम वाचले. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज या नियमांत येतं, सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायचे नाहीत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोनसुद्धा करायचा नाही. साहेब तर दारात उभं राहायचं विचारत होते. मी "हो" म्हटलं होतं. सगळे म्हणतात तसं. ऑफर लेटर आलंय.

आई म्हणते, कंपनीत गेलीस तर निदान पाप कंपनीचं, मामाकडे गेलीस तर घरचं. बाबा म्हणतात, पोट भरल्यावर नीतीचं बघता येतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली याच घोळात आहेत, फक्त कुणी बोलत नाही. स्टेटसला 'न्यू बिगिनिंग्ज' टाकतात.

तर ही पार्श्वभूमी. पुण्याला आत्याकडे पेटी पाठवायची होती, ती मामाकडून न घेता मी ह्या दुकानात गेले, आणि गेले ते इन्स्पेक्टर होऊनच. खरं बोलून आंब्याचा धंदा चालतो का हे मला बघायचं होतं.

पहिलं, तळाचा थर. आंबा डझनावर विकला जातो, त्यामुळे वजनात नाही, आकारात मारतात. पेटी चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी असते ती फळाच्या आकारावरून. फळ जितकं मोठं तितके डझन कमी. वरचा थर चार डझनीचा आणि तळाला सहा डझनीची फळं, ही जुनी कला आहे. मी काकींना म्हटलं, पेटी पालथी करून दाखवा. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गोणपाट अंथरलं, स्वतः पेटी उलटी केली आणि म्हणाल्या, "मोज. पण परत भरायची तू." फळं एकसारखी होती. दोन जरा लहान होती ती त्यांनी न सांगता बदलली. भरायला मला अर्धा तास लागला. पेंढा कसा कोंबायचा, देठ कुठल्या बाजूला ठेवायचं, एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीला लागलं तर डाग कसा पडतो, हे सगळं त्यांनी तेवढ्यात सांगितलं.

दुसरं, गाव. मी मुद्दाम म्हटलं, आत्याला देवगडच हवाय. सरळ उत्तर आलं: "मग देवगडला फोन लाव. हा गोळपचा." देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली, तो कसा तपासायचा तेही त्यांनीच सांगितलं. एरवी भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, हापूसला २०१८ मध्ये मिळालंय आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना आहे. ते नाव वापरायचं तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. काकांच्या नावाची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे, शेजारी पावसच्या स्वामी स्वरूपानंदांचा फोटो, आणि दोन्हींना एकच हार. शेजारच्या बागवाल्याची नोंदणी नाही, म्हणून त्याचा आंबा ह्यांच्या हिरव्या क्रेटमध्ये असला तरी त्या पेटीवर मानांकनाचा शिक्का मारत नाहीत. फळ तेच, माती तीच, मधे एक दगडी गडगा. एवढं सोवळं कशाला, असं मला वाटलं. पण शिक्का नसलेली पेटी पन्नास रुपयांनी कमी देतात, म्हणजे सोवळ्याचा खर्च स्वतःच्या खिशातून.

तिसरं, पिकवणं. मागच्या खोलीत आढी आहे. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, वर पुन्हा पेंढा. आत गेलं की वासाने डोकं गरगरतं. कुठला आंबा कधी उतरवला ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तारखेने लिहून खोचलेलं आहे. घाई असेल तर ते तुम्हाला आंबा देतच नाहीत, ही तक्रार म्हणून नोंदवते. "उद्या पूजा आहे" म्हणणाऱ्या एका बाईंना काकींनी शेजारच्या टपरीवर पाठवलं. पेटी घेतलीत तर खायला आठ-दहा दिवस थांबायची तयारी ठेवा. फळ एकदम सगळं पिवळं होत नाही. एक पिवळं, त्याच्या शेजारचं अजून हिरवट, असंच होतं, आणि तसंच व्हायला हवं.

आता साका. माझ्या मते ह्या दुकानाची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हापूस बाहेरून अगदी देखणा असतो, वास सुटलेला असतो, दाबून पाहिला तरी कळत नाही. कापला की कोयीलगतचा गर पांढरट-पिवळट, भोकाभोकांचा, चवीला आंबूस निघतो. तो साका. हापूसचा जातीचाच दोष. बागवाल्याला कळत नाही, दलालाला कळत नाही, विकणाऱ्याला कळत नाही. फसवायची इच्छा कुणाचीच नसते आणि तरी शेवटी फसतं ते गिऱ्हाईक. मामाकडे याचं उत्तर ठरलेलं आहे: "नैसर्गिक आहे, आम्ही काय करणार?" आणि ते खोटंही नाही.

काकींच्या भिंतीवर पाटी आहे: 'साका निघाल्यास फळाला फळ.' मी म्हटलं, दाखवा कसं करता. योगायोगाने तेव्हाच रत्नागिरीचे एक रिक्षावाले डब्यात कापलेला अर्धा आंबा घेऊन आले. काकींनी सुरीच्या टोकाने कोयीजवळचा गर उचलला, मला दाखवला. कापूस भिजवून वाळवावा तसा. रिक्षावाल्यांना त्यांनी एक फळ दिलं आणि एका शंभर पानी वहीत तारीख, बागेचा कोपरा आणि 'सा' असं लिहिलं. वही मी चाळली. उताराखालच्या, सड्याला म्हणजे कातळाच्या माळाला लागून असलेल्या कलमांपुढे 'सा' जास्त आहेत. आता त्या कोपऱ्यातला आंबा जरा लवकर, चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण) असतानाच उतरवतात आणि तोडणी सकाळी दहाच्या आत संपवतात, तापलेल्या कातळावर फळ ठेवू देत नाहीत. ह्याने साका किती कमी झाला ते वहीवरून सांगणं कठीण आहे. पण कुणी गिऱ्हाईक खोटा फोटो पाठवून दोन फळं जास्त उकळत असेल हे धरूनही पाटी तशीच आहे. मी विचारलं, फसवतात का लोक? "फसवतात की. पुण्याचे जास्त," असं म्हणून त्यांनी माझ्या आत्याच्या पेटीकडे पाहिलं.

त्यांच्याकडे 'रत्ना' पण आहे. नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये आणलेली जात. तिच्यात साका होत नाही, फळ मोठं, रंग सुरेख. तरी ती कुणी घेत नाही, कारण ती हापूस नाही. मी अर्धा डझन घेतला. हापूसचा तो घमघमाट नाही, पण आमरसाला उत्तम. इथे येणाऱ्यांनी जरूर घ्यावा. नावासाठी आठशे मोजून साक्याचा जुगार खेळणारं गिऱ्हाईक निम्म्या भावातलं खात्रीचं फळ सोडून जातं, हे पाहिल्यावर मामाचं वाक्य मला पुन्हा आठवलं, आणि ह्यावेळी त्याला अगदीच उडवून लावता आलं नाही.

बाकी माल पटकन सांगते. कोकमाचं आगळ छान, मीठ बेताचं. अमृत कोकम जास्त गोड. आंबापोळी साखर घातलेली आणि बिनसाखरेची अशी वेगवेगळी, दुसरी घ्या. फणसपोळी मला चिवट वाटली. लोणचं घेतलं नाही. पॅकबंद मालावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे.

काजूबद्दल मात्र बोलायला हवं. पिशवीवर 'काजूगर' एवढंच छापलेलं आहे. वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन आहे, तरी त्यांनी ते नाव घातलेलं नाही हे चांगलं. पण दुकानाला 'कोकण मेवा' म्हणायचं आणि कोकमाशेजारी ही पिशवी ठेवायची, म्हटल्यावर घेणारा ती कोकणातलीच समजणार. आपल्याकडच्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली बी फोडली जाते हे काही गुपित नाही. मी विचारलं, बी कुठली? काकी म्हणाल्या, "फॅक्टरीतून घेते, त्यांना मी कधी विचारलं नाही." मग जरा वेळाने, "विचारलं तर मला लिहावं लागेल." आंब्याच्या क्रेटवर खडू चालवणारा हात काजूच्या पिशवीपाशी थांबतो. एक गुण इथे कापला.

आता ज्यासाठी गेले होते ते. मी सरळच विचारलं: लाल क्रेटवरच्या पाटीमुळे किती गिऱ्हाईक जातं?

"मोजत नाही. मोजलं तर पुसावंसं वाटेल."

मग कर्नाटकचा ठेवता तरी का? त्यांनी सांगितलं ते असं. गेली काही वर्षं थंडी लांबते, मोहोर दोन-दोनदा येतो, पुन्हा मोहोर आला की आधीची बारीक फळं गळतात, वर अवकाळी पाऊस. फवारणी तेवढीच, मजुरी तेवढीच, फळ कमी. शेड उघडी ठेवायची तर माल हवा. आणि घरी आठ माणसं जेवणार असतील तर आमरसाला कुणी आठशेचा डझन घेत नाही, घेऊही नये. "कर्नाटकच्या शेतकऱ्याने काय वाईट केलंय? त्याचा आंबा त्याच्या नावाने विकते." साल जाड, गर केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकणारा, चव बरी. मी खाल्ला. त्या भावात तक्रार नाही.

पण मी हिशेबाची पोरगी. पुढचं विचारलंच. बागेवर कर्ज? नाही. वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाची उचल? नाही, पूर्वी होती, फेडली. काका माध्यमिक शाळेत शिक्षक होते, पेन्शन येते. मुलगा पुण्याला नोकरीत, बांधकामाला पैसे त्याने दिले. म्हणजे रोज दोन-चार गाड्या 'मिक्सिंग' म्हणून परत गेल्या तरी चूल पेटते. मामाची गोष्ट वेगळी. तो दहावीनंतर पेट्या उचलायला वाशीला गेला, त्या काळी तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे आणि गावाकडच्या बागवाल्याला पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेबाचा कागद, हातात आली की कळायचं आपला आंबा कितीला गेला. तिथे तो धंदा शिकला. चेंबरचं कर्ज आहे, बागा कराराने घेतलेल्या आहेत, मोहोर बघून पैसे आधी मोजलेत. त्याने उद्या खडू हातात घेतला तर जून उजाडेपर्यंत तो उभा राहील का, मला माहीत नाही.

हे मी काकींना बोलून दाखवलं. म्हटलं, तुमचा खरेपणा पेन्शनवर चालतो. कुणी दुसरं असतं तर मला शेडबाहेर काढलं असतं. त्या म्हणाल्या, "हो, चालतो. पेन्शन असून खोटं विकणारे ह्या रस्त्यावर नाहीत होय?" आणि दोन टपऱ्यांकडे हनुवटीने खूण केली. उत्तर बरोबर आहे. माझ्या प्रश्नाचं नाही, पण बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. बागेच्या राखणीला नेपाळी जोडपं आहे. कोकणात बहुतेक बागांत असतं, ते नसते तर निम्मा हापूस झाडावरच राहिला असता. जानेवारीत येतात, मेअखेर जातात. पगार महिन्याचा, राहायला पत्र्याची खोली, तांदूळ-गॅस बागवाल्याचा. खोलीला दार आणि लाइट आहे, एवढंही सगळीकडे नसतं. मी त्या ताईशी बोलले. पैशाबद्दल तिची तक्रार नव्हती. मुलगा नऊ-दहा वर्षांचा, शाळा नेपाळात, आणि इथे असेपर्यंत तो शाळेत जात नाही, गोफण घेऊन माकडं हाकतो. काकींना विचारलं तर म्हणाल्या, धाकटीला अंगणवाडीत पाठवते, ह्याला मराठी शाळेत बसवून बघितला, पळून आला. प्रयत्न केला हे खरं. माकडं तो हाकतो हेही खरं. ८०० रुपयांच्या डझनात हे कुठे धरायचं, ते माझ्या पुस्तकात नव्हतं. आंबा घेताना तुम्हीही विचारून बघा, ह्याच दुकानात नाही, कुठेही.

आत्याची पेटी तिला पोचली. दोन आंबे साक्याचे निघाले. तिने फोटो पाठवला, काकींनी पुढच्या पेटीत दोन जास्त घालते म्हणून सांगितलं, आणि पुढची पेटी खरोखर दोन फळं जास्त घेऊन गेली. एसटी पार्सलने पाठवतात, कुरिअर आंबा नीट हाताळत नाही म्हणून. पार्सलचा खर्च वेगळा, पेटीची बांधणी मजबूत पण ओबडधोबड. भेट म्हणून द्यायची असेल तर वरून स्वतः कागद गुंडाळा.

कुडाळच्या कंपनीला मी नकार कळवला. मामाला मी वेगळंच सांगितलं: ऑनलाइनचं काम करते, पण ऑनलाइन जाणाऱ्या पेटीवर गाव खरं छापायचं, कर्नाटक तर कर्नाटक, आणि ते पान मी लिहिणार. गोडाऊनच्या बाकी मालाबद्दल मी सध्या काही बोलत नाही. मामा आधी हसला, मग म्हणाला, "पहिल्या महिन्यात दहा ऑर्डरी आण, मग बघू." बाकीच्या पेट्यांवर 'कोकणचा राजा' छापलं जात असताना त्याच छपराखाली माझ्या पेट्या खऱ्या म्हणायच्या का, हा प्रश्न आईने विचारला. तो मलाही पडलाय. फी परत करायची ठरवली तरी त्याला वर्षं लागतील, आणि मामा ती घेणार नाही.

काकींना हे सांगितलं तर त्यांनी खडूचा अर्धा तुकडा देऊ केला. मी म्हटलं, ऑनलाइनला खडू लागत नाही. म्हणाल्या, "मग काय लागतं ते मला पण शिकव, पावसाळ्यात कोकम खपत नाही."

पाचपैकी चार. हापूस, रत्ना आणि आगळ घ्या, काजू विचारून घ्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर चांगलं फळ संपतं आणि उरलेलं किलोवर कॅनिंगला जातं, तेव्हा त्याआधी जा. रोख पैसे न्या, शेडमध्ये रेंज नाही आणि यूपीआयसाठी फोन घेऊन वळणावर उभं राहावं लागतं.